कलांतर

डिसेंबरच्या धुक्यात गाझियाबाद स्टेशनावर उभं राहिलं, की उशिराचे दोन प्रकार कळतात. सगळ्याच गाड्या तासभर मागे असतील, तर वेळापत्रक नुसतं तासभर सरकतं. पुढची गाडी गाठता येते. पण एक वीस मिनिटं आणि दुसरी तीन तास रखडली, की दोन्ही गाड्या पोचूनही प्रवास मोडतो.

इलेक्ट्रॉनिक फिल्टरचंही असंच. नको त्या वारंवारता अडवायच्या, हव्या त्या सोडायच्या, हे त्याचं काम. किती गेलं आणि किती अडलं, हे आपण लगेच विचारतो. गेलं ते केव्हा पोचलं, हे मात्र फेज, म्हणजे लहर आपल्या आवर्तनात कुठवर आली ती जागा, सांगते. वारंवारतेनुसार फेजचा आलेख सरळ रेषेत उतरला, तर सगळ्यांना सारखाच उशीर झालेला असतो आणि संकेताचा आकार शाबूत राहतो. रेषा वाकली, की काहीही न हरवता आकार बिघडतो. नेहमीच्या फिल्टरांत चाळणी जितकी कडक, तितकी ही रेषा तिच्या उंबरठ्यापाशी जास्त वाकते. कारण शेजारच्या दोन वारंवारता वेगळ्या ओळखायच्या, तर सर्किटला काही आवर्तनं थांबून पाहावंच लागतं.

याच गाझियाबादेत, साहिबाबादला, १९७४ साली सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी सुरू झाली. ‘आकाश’ क्षेपणास्त्राच्या ‘राजेंद्र’ रडारसाठी फेज बदलणारे घटक तिने बनवले. अशा रडारचा झोत वळवायला अँटेना फिरवावी लागत नाही. हजारो घटकांना मोजूनमापून वेगवेगळी फेज दिली, की तो झुकतो. इथे उशीर हीच कारागिरी.

फेज मोजायचं यंत्र म्हणजे नेटवर्क ॲनलायझर. धाडलेली लहर आणि आलेली लहर तो ताडून पाहतो. एकट्या लहरीची फेज सांगण्यात अर्थ नसतो. ३ गिगाहर्ट्झला हवेतली लहर १० सेंटिमीटरची, म्हणजे १ मिलिमीटर अंतरालाही ३.६ अंश. फिल्टर यंत्राला जोडणाऱ्या केबलचा हिशेब चुकला, तर तिचा उशीर फिल्टरच्या नावावर चढतो. म्हणून फिल्टर जोडण्याआधी ओपन, शॉर्ट, लोड ही ठरलेली मानकं लावून आणि केबली थेट एकमेकींना जोडून यंत्राचा शून्य ठरवतात.

फेजला शास्त्रीय मराठीत ‘कला’ म्हणतात आणि दोन लहरींच्या फेजमधल्या फरकाला ‘कलांतर’. जुन्या मराठी कागदांतलं ‘कळंतर’ मात्र व्याज असतं. मला ही शब्दांची गाठ नेमकी वाटते. निवड फुकट होत नाही. तिचं व्याज वेळेत फेडावं लागतं. आपण परीक्षा, पडताळण्या, मुलाखती कडक करत जातो आणि किती गाळले ते अभिमानाने सांगतो. जे पार झाले ते किती उशिरा आणि किती कमीजास्त उशिराने पोचले, तो आलेख कोणी काढत नाही. काढायचाच झाला, तर आधी आपली केबल वजा करावी लागेल.