आप्तवचन आणि पोलादी सांधा

गणेशाच्या शापातून सुटण्यासाठी चंद्राने जेथे तपश्चर्या केली असे परंपरा सांगते, त्या लिंबागणेशच्या भालचंद्रापुढे नारळ वाढवून जुन्या मारुती ८००च्या धन्याने निर्विघ्न प्रवासाची याचना करावी, हे यथायोग्यच आहे; परंतु पूर्ण वळण घेताना पुढच्या चाकापाशी जी कटकट ऐकू येते तिचा निवाडाही देवावरच सोपवण्याला श्रद्धा म्हणणे मला मान्य नाही. इंजिनाची गती चाकाला पोहोचवणाऱ्या दांड्याच्या टोकाशी असलेल्या सांध्यात सहसा सहा पोलादी गोळ्या वक्र खाचांतून फिरतात. वरचा रबरी बूट फाटला की ग्रीस बाहेर पडते, धूळ आत शिरते आणि पोलाद झिजू लागते. नव्या सांध्याचे दाते मोजून जुन्याशी ताडता येतात; पण पोलादाला योग्य पाणी दिले आहे की नाही, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि खोक्यावरचा शिक्का नकली मालावरही तितकाच ठसठशीत उमटतो.

प्रत्यक्ष असे खुंटले म्हणजे शब्दप्रमाणाकडे वळावे लागते. गौतमाच्या न्यायसूत्रांत आप्ताचा उपदेश तो शब्द असे म्हटले आहे. आणि विषयाचा साक्षात्कार झालेला व तो जसाच्या तसा सांगू इच्छिणारा तो आप्त, हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांस समान आहे, असे भाष्यकार वात्स्यायन निःसंकोचपणे सांगतो. बाधक ज्ञान उत्पन्न होईपर्यंत ज्ञान स्वतःच प्रमाण, हे मीमांसकांचे मत थोर खरे. पण मांजरसुंब्याच्या घाटात ते बाधक ज्ञान तुटलेल्या सांध्याच्या रूपाने उत्पन्न होईल, म्हणून मी येथे नैयायिकांच्या पक्षाला आहे. मंत्र आणि आयुर्वेद यांचे फळ अनुभवास येते, त्यांचे प्रामाण्य आप्तांच्या प्रामाण्यावर उभे आहे, आणि वेदाचेही तसेच, असा त्यांचा युक्तिवाद आहे. अदृष्टाविषयीचा विश्वासदेखील दृष्टाच्या कसोटीतून कमवावा लागतो, ही त्यातील निर्भय भूमिका मला अत्यंत धार्मिक वाटते.

तेव्हा खोक्यापेक्षा माणूस पारखावा. त्याने पूर्वी बसवलेले सांधे किती टिकले, याची त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांकडे खातरजमा करावी. सांधा अजून वाजत नसेल तर तो उघडून, स्वच्छ धुऊन, मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस भरून नुसता बूट बदलावा, असे जो मिस्त्री स्वतःच्या मिळकतीवर पाणी सोडून सांगतो, तोच पुढे कधी सांधा बदलायला सांगेल तेव्हा त्याने सुचवलेला माल, किंमत चढी असली तरी, बेलाशक घ्यावा.