दान कोणी दिलं?

देवांनी दधीची ऋषींकडे अस्थी मागितल्या तेव्हा कारणही सांगितलं होतं: वृत्रासुराला मारायला वज्र हवं होतं. ऋषींनी समजून-उमजून देह ठेवला. वैद्यकीय संशोधनात देणाऱ्याला इतकं नेमकं क्वचितच कळतं, आणि संशोधकाची अख्खी कारकीर्द मात्र त्याच्या होकारावर उभी असते.

डेव्हिड स्नोडन १९८६ साली मिनेसोटा विद्यापीठात नवखे साथरोगतज्ज्ञ होते. विषयाच्या शोधात ते 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम' संघाच्या नन्सकडे पोचले. एकाच पद्धतीचं जेवण, सारखीच राहणी, सिगारेट नाही, बाळंतपण नाही, बहुतेक जणी शिक्षिका. वृद्ध मेंदूच्या अभ्यासाला हवा तो सारखेपणा मठाच्या शिस्तीनं आयताच जमवून ठेवला होता. पंचाहत्तरी गाठलेल्या ६७८ जणींनी ठरावीक काळानं चाचण्या द्यायचं, संघातली जुनी कागदपत्रं खुली करायचं आणि मृत्यूनंतर मेंदू द्यायचं कबूल केलं.

त्या कागदांत घबाड निघालं. व्रत घेण्याआधी, साधारण बाविसाव्या वर्षी, अनेकींनी स्वहस्ते लिहिलेलं छोटं आत्मवृत्त! संशोधकांनी दर दहा शब्दांमागे किती कल्पना येतात ते मोजलं. 'माझा जन्म गावी झाला' हे एक वाक्य. 'ऐन थंडीत, आजीच्या पडक्या घरी, घाईघाईनं झाला' हे दुसरं, अधिक भरलेलं. ज्यांची तरुणपणीची वाक्यं विरळ होती, त्यांच्यात सुमारे सहा दशकांनी अल्झायमर जास्त आढळला. १९९६ साली हे प्रसिद्ध झालं.

पण बावीस वर्षांची ती मुलगी मदर सुपीरिअरसाठी लिहीत होती. मेंदू देण्याच्या संमतीवर सही केली पंचाहत्तरीनंतरच्या बाईनं. पुढे काहींना सही केल्याचंही आठवेना. मग दान यांतल्या कोणाचं? 'मिलिंदप्रश्न' या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतो: पहिल्या प्रहरातली ज्योत शेवटच्या प्रहरात तीच नसते, पण निराळीही नसते. या नन्सच्या कॅथलिक श्रद्धेत मात्र आत्मा एकच, आणि देहाचंही पुनरुत्थान होणार. तरीही मरणोत्तर अवयवदान चर्चला पुण्यकर्म वाटतं.

होकार नेमका कोणाचा, हा पेच अंतराळवीरांपुढे वेगळ्या रूपात आला. स्कॉट केली २०१५-१६ मध्ये ३४० दिवस अंतराळात राहिले; जुळे भाऊ मार्क तुलनेसाठी पृथ्वीवर. जनुकं दोघांची सारखीच, त्यामुळे एकानं होकार दिला की दुसऱ्याचंही गुपित उघडं पडणार.

नन्सच्या त्या अभ्यासातल्या सिस्टर मेरी १०१ वर्षं जगल्या. चाचण्यांत त्या अखेरपर्यंत चांगले गुण मिळवत होत्या. नंतर मेंदू तपासला तर वजन अवघं ८७० ग्रॅम, आणि आत अल्झायमरच्या खुणा भरपूर.

मिलिंद राजानं केस, नखं, दात अशी यादी वाचत 'हा नागसेन का?' असं विचारलं होतं. त्या यादीत डोक्यातला मेंदूही होता. नागसेन प्रत्येकाला नाही म्हणत गेला.