आयर्न क्रीकची शिळा

१८७० च्या ऑक्टोबरअखेर विल्यम फ्रान्सिस बटलर हा ब्रिटिश लष्करातला तरुण आयरिश अधिकारी फोर्ट गॅरीहून, म्हणजे आजच्या विनिपेगहून, पश्चिमेला निघाला. मॅनिटोबाचे लेफ्टनंट गव्हर्नर ॲडम्स आर्चिबाल्ड यांनी त्याला सस्कॅचेवानच्या मुलुखात धाडलं होतं. रॉकी पर्वताच्या पायथ्यापर्यंत जायचं, देवीच्या साथीने काय दशा झाली आहे ते पाहायचं, औषधं पोचवायची आणि अहवाल द्यायचा, असं काम होतं. ११९ दिवसांत सुमारे २७०० मैल तुडवून तो फेब्रुवारीत परतला. जाताना घोड्यावर आणि येताना कुत्र्यांच्या घसरगाडीतून, बरीचशी वाट बर्फातून.

दक्षिण सस्कॅचेवान नदी ओलांडताना गोठलेला थर फुटला आणि त्याचा लाडका काळा घोडा पाण्यात गेला. दोर लावले, ओढून पाहिलं, पण बर्फाची कड धरवेना. अखेर त्या मुक्या जिवाचे हाल थांबवण्यासाठी त्याला गोळी घालावी लागली. मग हा शिपाईगडी तळावर येऊन बर्फात बसला आणि लहान मुलासारखा रडला. ‘द ग्रेट लोन लँड’ या १८७२ च्या पुस्तकात त्याने हे आडपडदा न ठेवता सांगितलं आहे.

त्याच पुस्तकात एका शिळेची हकीकत येते आणि प्रवासवर्णन एकदम धर्माच्या प्रश्नाला भिडतं.

आजच्या अल्बर्टात, बॅटल नदीला मिळणाऱ्या आयर्न क्रीकजवळच्या टेकडीवर सुमारे १४५ किलो वजनाची, लोखंडी उल्कापाषाणाची शिळा होती. क्री आणि ब्लॅकफूट हे तिथले मूळ रहिवासी एकमेकांचे वैरी, पण या शिळेपुढे दोघेही नमत. पूर्वी ती एकट्या माणसाला उचलता येई, पुढे ती जड होत गेली, असं लोक सांगत. शेंदूर लावलेल्या तांदळ्यापुढे हात जोडणाऱ्या मराठी माणसाला या श्रद्धेचा वेगळा अर्थ सांगायला नको. १८६६ मध्ये मेथडिस्ट मिशनरी जॉर्ज मॅकडूगल यांनी ती शिळा उचलून आपल्या व्हिक्टोरिया मिशनमध्ये नेली. वडीलधारे कळवळून म्हणाले, आता लढाया होतील, रोगराई येईल, गवे नाहीसे होतील.

तिन्ही गोष्टी घडल्या. १८७० च्या शरदात क्री आणि ब्लॅकफूट यांची बेली नदीकाठी मोठी लढाई झाली. देवीने हजारो माणसं नेली. १८७९ च्या सुमारास कॅनडाच्या मैदानांतून गव्यांचे कळप संपले.

मग ही देवाची शिक्षा होती का? असेल, तर कोणाला? शिळा ज्यांची होती त्यांचीच घरं ओस पडली, हा कुठला न्याय? आणि मॅकडूगलही सुटले नाहीत. त्याच साथीत त्यांच्या दोन मुली आणि एक मानसकन्या गेली. जानेवारी १८७६ मध्ये गव्यांच्या शिकारीहून तळाकडे परतताना ते स्वतः कॅलगरीजवळ हिमवादळात वाट चुकले आणि गारठून मेले. देवाने हिशेब चुकता केला असं म्हणायचा मोह इथे होतो. तो आवरला पाहिजे. साथीत गेलेल्या मुलींनी काही शिळा उचलून नेली नव्हती. त्यांच्या मरणावर देवाचा न्याय उभा करणारा धर्म क्रूर आहे, मग तो टेकडीवरचा असो की चर्चमधला.

पण म्हणून वडीलधाऱ्यांचं बोलणं अंधश्रद्धा ठरत नाही. देवी मिसुरी नदीच्या व्यापारी वाटेने वर आली. गवे कातड्याच्या धंद्यासाठी मारले गेले. त्याच वाटांनी वसाहतीचा रेटा येत होता, आणि मिशनरीही त्याच रेट्याबरोबर आले होते. दुसऱ्याचा देव न विचारता गाडीत घालून नेणारे लोक उद्या आणखी काय काय नेतील, हे त्या म्हाताऱ्यांनी अचूक ओळखलं होतं. त्यांच्या दृष्टीने शिळा, गवे आणि माणसं यांचं नातं एकच होतं. एक धागा तुटला की बाकीचेही तुटणार, यात चमत्कार काही नाही. क्री नायक बिग बेअर सरकारने मूळ रहिवाशांशी केलेल्या १८७६ च्या सहाव्या कराराला तयार झाला नाही. १८८२ मध्ये त्याने सही केली ती गवे संपल्यावर आपल्या लोकांची उपासमार पाहवेना म्हणून.

मॅकडूगल वाईट माणूस नव्हते. साथीत ते आजाऱ्यांसाठी राबले. आपला देव खरा आहे, एवढीच त्यांची खात्री होती. मात्र आपली श्रद्धा कितीही खरी असली तरी तिने दुसऱ्याच्या देवावर हक्क मिळत नाही, हे त्यांना उमगलं नाही.

शिळा पुढे ओंटारिओत गेली आणि शंभराहून अधिक वर्षांनी, १९७२ मध्ये, अल्बर्टात परतली, पण एडमंटनच्या वस्तुसंग्रहालयात. तिचं दर्शन तिथे विनामूल्य मिळतं आणि तिला मान दिला जातो, हे चांगलंच आहे. तरी वस्तुसंग्रहालय हे तिचं ठिकाण नव्हे. तिची जागा आयर्न क्रीकच्या टेकडीवर आहे आणि ती तिथेच परत गेली पाहिजे.