लक्ष कोणाचे होते?

मुलीच्या आग्रहाखातर गेल्या वर्षी मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझवर दोन रात्री काढल्या. बेळगावच्या माणसाला गोव्याला जायचे तर चोर्ला घाट आहे. त्यासाठी आधी मुंबई गाठायची आणि तिथून उलट समुद्रमार्गे खाली यायचे, हा व्यवहार मला काही पटत नव्हता. पण जावयांनी तिकिटे काढून ठेवली होती आणि चार वर्षांच्या नातीने ‘मोठ्या बोटी’चा ध्यास घेतला होता. नातवंडांपुढे आजोबांचे काय चालते?

बोटीच्या अगदी वरच्या मजल्यावर पोहण्याचा तलाव होता. फार मोठा नव्हे. आमच्या शाळेच्या दोन वर्गखोल्या शेजारीशेजारी ठेवल्या तर भरेल तेवढा. भोवती आरामखुर्च्या, खाण्यापिण्याचा काउंटर, कर्ण्यातून अखंड गाणी. बोट डुलली की तलावातले पाणीही डुलते. एका काठाला चढते, दुसऱ्या काठाला उतरते. काठावर पाटी होती : लहान मुलांची जबाबदारी पालकांची. पाट्या वाचण्याची मला व्यवसायाने लागलेली सवय आहे, म्हणून ती मी वाचली, त्यातल्या शुद्धलेखनाची एक चूकही काढली.

नात पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय हलवीत होती. मुलगी म्हणाली, “बाबा, जरा बघा हं हिच्याकडे. मी खोलीतून टॉवेल घेऊन आलेच.” मी “हो” म्हणालो. ही माझ्या शेजारच्याच खुर्चीत होती. जावई तलावाच्या दुसऱ्या टोकाला पोहत होते. म्हणजे नातीला पाहणारी सहा डोळ्यांची फौज हजर होती. मला तेवढ्यात ग्वाल्हेरचे एक निवृत्त शिक्षक भेटले. मराठी माणूस बोटीवर भेटला, त्यात शिक्षक, त्यात ग्वाल्हेरचा. मग विषयाला काय तोटा? तिकडच्या मराठी शाळांची पटसंख्या कशी घटली, आमच्याकडे सीमाभागात काय चालले आहे, पुढच्या पिढीचे मराठीचे काय होणार, अशी आमची चर्चा रंगली. मुलांच्या भवितव्याची आम्हा दोघांना फार काळजी वाटत होती.

आवाज आला तो पाण्यात कोणीतरी उडी मारल्याचा. ग्लास गोळा करणारा एक पोरसवदा कामगार बुटांसकट पाण्यात होता आणि त्याच्या हातात आमची नात होती. ती खोकली, पाणी ओकली, मग मोठ्याने रडली. ते रडणे ऐकून जिवात जीव आला. मुलगी टॉवेल घेऊन आली तेव्हा नात माझ्या मांडीवर होती. “काय झालं बाबा?” “काही नाही, पाय घसरला जरा. लगेच काढलं.” पाणी प्यायली म्हणून बोटीवरच्या डॉक्टरांना दाखविले, त्यांनी तपासून काळजीचे कारण नाही असे सांगितले. प्रसंग संपला.

‘लगेच काढलं.’ तीस वर्षे व्याकरण शिकविलेल्या माणसाने या वाक्यातला कर्ता गाळला. मुलीने तो आपल्या समजुतीने भरला आणि संध्याकाळी जेवताना म्हणाली, “बरं झालं, तुम्ही होतात तिथे.” मी आमटी वाढून घेतली.

परत आल्यावर या विषयावर जे मिळेल ते वाचले. अपराधी माणूस ग्रंथांकडे वळतो, हा जुनाच अनुभव आहे. आपण सिनेमात पाहतो तसे बुडणारा माणूस हात उंच करून ओरडत नाही. फ्रँक पिया नावाच्या अमेरिकन जीवरक्षकाने न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर प्रत्यक्ष बुडणाऱ्यांचे चित्रीकरण केले आणि १९७०च्या दशकात आपली निरीक्षणे मांडली. तोंड पाण्याच्या वरखाली होत असते, जेमतेम श्वास घेता येतो. हाकेला श्वास उरतच नाही. हात आपोआप बाजूंना पसरून पाणी खाली दाबीत राहतात, त्यामुळे हलवून खूणही करता येत नाही. हे सगळे वीस ते साठ सेकंदांत आटोपते. लहान मुलांचा अवधी त्यात कमीच. म्हणजे ‘काही झाले तर ओरडेल की’ या भरवशावर आपण जी पाठ फिरवितो, तो भरवसाच खोटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, त्यांतली जवळजवळ चौथाई पाच वर्षांखालची मुले होती. बहुतेकांच्या आसपास घरचे कोणी ना कोणी असणारच.

असूनही का होते? १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. शेजारच्या खोलीतल्या माणसाला झटका आल्याचे आवाज यंत्रावरून ऐकविले. ऐकणारा आपण एकटेच आहोत असे समजत होता, तेव्हा शंभरातले पंच्याऐंशी मदतीला धावले. आणखी चारजण ऐकत आहेत असे वाटले तेव्हा एकतीस. माणसे निर्दय नव्हती. जबाबदारीचे वाटे पडले आणि प्रत्येकाच्या वाट्याला धावण्याइतकी जबाबदारी आलीच नाही. आमचेही तेच झाले. हिला वाटले मी पाहतो आहे, मला वाटले जावई पाण्यातच आहेत, जावयांना वाटले काठावर दोघे मोठे बसले आहेत. एकटा असतो तर मी ग्वाल्हेरकरांशी बोलताना मान वळविली नसती, असे आता वाटते.

मग तिथे पगारी जीवरक्षक नेमला म्हणजे झाले का? अमेरिकेतून निघणाऱ्या बोटींपैकी डिस्नेच्या बोटींवर २०१३ पासून आणि रॉयल कॅरिबियनच्या बोटींवर २०१७ पासून जीवरक्षक आले. गोव्याच्या किनाऱ्यांवर ते २००८ पासून आहेत आणि त्यांनी असंख्य जीव वाचविले आहेत. ते हवेतच. पण उंच खुर्चीवर बसलेला तो मुलगा दिसला की काठावरच्या आईबापांच्या हातातले मासिक जरा अधिक वर जाते, हेही मी पाहिले आहे. त्याच्या नजरेत सगळा तलाव असतो; आपल्या नजरेत एकच मूल असावे, एवढीच अपेक्षा असते, आणि तीही जड जाते.

१९७०च्या सुमारास, मी लहान असताना, आम्ही पणजीहून मुंबईला कोकण बोटीने गेलो होतो. डेकवर सतरंजी टाकून रात्र काढायची. आईने धाकट्या बहिणीचे मनगट आपल्या पदराच्या टोकाला बांधून ठेवले होते. डुलकी लागली तरी पोर हलले की पदर ओढला जाई. बहीण मोठी झाल्यावर या गोष्टीवरून आईची थट्टा करायची. बांगलादेशात खेड्याखेड्यांतून तळी आणि डबकी. सकाळच्या कामाच्या वेळी आई घरकामात असते आणि रांगती-चालती पोरे पाण्याशी जातात. तिथे त्या वेळेत, साधारण नऊ ते एकपर्यंत, एक ते चार वर्षांची मुले गावातल्याच एका बाईच्या हवाली करण्याची केंद्रे निघाली. तिथे येणाऱ्या मुलांतले बुडण्याचे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आसपास घटले. त्या केंद्रांना नाव दिले आहे ‘आँचल’. म्हणजे पदर. नाव वाचले आणि आई आठवली. तिथल्या आया आमच्यापेक्षा कमी माया करीत होत्या काय? माया होतीच. नव्हता तो दुसरे काही काम नसलेला माणूस.

भागवतातली दामोदराची गोष्ट आपण शाळेतही सांगतो. यशोदा कृष्णाला मांडीवर घेऊन पाजीत होती. चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले म्हणून त्याला खाली ठेवून धावली, आणि तेवढ्यात त्याने दह्याचे मडके फोडले. मग तिने त्याला उखळाला बांधले आणि पुन्हा कामाला लागली. त्याने उखळ ओढीत नेले आणि दोन झाडे पाडली. कीर्तनात आपण बाळाच्या लीलेवर हसतो. मला हल्ली त्यात दूध दिसते. यशोदेला दूध, मला मराठी शाळा. ज्याच्यामुळे लक्ष जाते ते नेहमी काही क्षुद्रच असते असे नाही.

पण मला खरा छळणारा प्रश्न निराळाच आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी मुख्याध्यापक होऊन फार दिवस झाले नव्हते. आमची सहल गोकाकच्या धबधब्याला गेली होती. परतताना मोजणीत सातवीतला एक मुलगा कमी भरला. वीस मिनिटे सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. मुलगा दुसऱ्या गाडीत झोपलेला सापडला. त्या तुकडीच्या शिक्षकांना मी दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस दिली. ते म्हणाले, “सर, काही झालं नाही ना पण.” मी म्हणालो, “काही झालं नाही हे तुमचं नशीब. तुमची चूक तेवढीच मोठी आहे.” ते वाक्य मला त्या वेळी फार बाणेदार वाटले होते.

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी नेमक्या याच प्रश्नावर लिहिले. नेगेलचे एक उदाहरण असे : न्हाणीत पाणी सोडून, बाळाला तिथेच ठेवून कोणी विसरला; आठवण होताच जिना चढत धावत सुटला. बाळ बुडाले असेल तर त्याच्या हातून भयंकर कृत्य घडले आहे. नसेल तर नुसता हलगर्जीपणा. तो जिन्यात असताना मात्र दोन्हींत काही फरक नाही. फरक वर काय दिसेल त्यात, आणि ते आता त्याच्या हातात नाही.

गीता वाचून वाढलेल्या आपल्याला उत्तर सोपे वाटते. फळ आपल्या अधीन नाही, तर दोष कर्माचा धरावा, फळाचा नाही. मग माझा दोष आणि ज्याची नात गेली अशा आजोबाचा दोष सारखाच. बुद्धीला हे पटते. पण २०१७च्या एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीच्या समुद्रात आमच्या बेळगावचे आठजण बुडाले, तेव्हा सारे शहर सुन्न झाले होते. ती संध्याकाळ आठवली की ‘सारखाच’ हा शब्द तोंडातून निघत नाही. त्या घरांपुढे उभे राहून ‘मीही तसाच’ म्हणणे हा मला नम्रतेचा नव्हे, उद्धटपणाचा प्रकार वाटतो. आणि उलट ‘माझे काही झाले नाही’ म्हणून सुटावे, तर ती नोटीस समोर येते. ती मी कोणत्या न्यायाने दिली? आणि मला कोणी दिली?

दोष सारखा असेल, भोग सारखा नाही, इतपत मी आलो आहे. माझ्या वाट्याला भोग आला नाही, म्हणून निदान दोष तरी माझ्या नावावर मांडला जावा. कर्ता गाळलेल्या वाक्यात तो मांडलाच जात नाही.

मेन्सियस हा प्राचीन चिनी तत्त्वज्ञ म्हणे, विहिरीत पडू पाहणारे मूल अकस्मात दिसले तर कोणाच्याही काळजात धस्स होते. आईबापांची मर्जी मिळावी म्हणून नव्हे, लौकिकासाठी नव्हे. बोटीवरचा तो कामगार मला त्यातलाच माणूस वाटतो. फक्त मेन्सियसच्या माणसाला मूल दिसते, एवढे गृहीत धरलेले आहे. याच्या हातात ट्रे होता, त्याचे काम ग्लास उचलण्याचे होते, तरी त्याला दिसले. उतरताना मी त्याला पाचशे रुपये देऊ लागलो. त्याने घेतले नाहीत, की नियमात बसत नव्हते, कोण जाणे. नाव विचारायचे मला सुचले नाही.

यंदा सहलीचा एक नियम बदलला आहे. पाण्याजवळ गेल्यावर शिट्टी ज्याच्या गळ्यात, त्याने फक्त मुले पाहायची; बोलायचे नाही, फोटो काढायचे नाहीत, चहाही घ्यायचा नाही. पंधरा मिनिटांनी शिट्टी दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि तोंडाने म्हणायचे, “आता तुम्ही.” तरुण शिक्षकांना हे जरा पोरकट वाटले. नोटीस मिळालेले ते शिक्षक आता आमचे पर्यवेक्षक आहेत. त्यांनी मात्र कारण विचारले नाही. परवा शाळा सुटल्यावर मी त्यांना थांबवून घेतले आणि बोटीवरचे सगळे सांगितले, नोटिशीची आठवणही काढली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पोर बरी आहे ना आता, सर?”

मुलीला सांगायचे अजून राहिले आहे. हा अंक दरवर्षी तिच्या घरी जातो. तो पोचण्याआधी फोन करणार आहे.