साहेब गेला, खुर्ची राहिली
परवा जेवताना नातीनं विचारलं, "आजोबा, निर्वसाहतीकरण म्हणजे काय हो?" मी घास अडकल्याचं सोंग केलं. कवळीवाल्या माणसाला हा शब्द विचारणं हाच मुळात एक अत्याचार आहे.

पाणी पिऊन झाल्यावर सांगितलं, "दुसऱ्याच्या घरात घुसून त्याच्याकडूनच भाडं वसूल करायचं, ही वसाहत. ते बिऱ्हाड हलवणं म्हणजे तुझा तो शब्द."

मग मात्र मी रंगात आलो. आपण १९४७ साली सुटलो. १९६० या एकाच वर्षात आफ्रिकेतले १७ देश स्वतंत्र झाले. त्याच वर्षी १४ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं वसाहती संपवण्याचा ठराव केला. बाजूनं ८९ मतं, विरोधात एकही नाही, तटस्थ ९. आमच्या सोसायटीतही ठरावाच्या वेळी छताकडे बघत बसणारे सभासद असतात. नेमकी त्यांचीच गॅलरी बेकायदा वाढवलेली असते! त्या नवांत पोर्तुगाल होता. पण १९ डिसेंबर १९६१ रोजी त्याचंही गोव्यातलं ४५१ वर्षांचं बिऱ्हाड हललं.

"म्हणजे संपलं ना?" नातीनं पेन्सिल उचलली.

इथं मला मुंबईचा काळा घोडा आठवला. त्यावर बसलेला एडवर्ड १९६५ साली घोड्यासकट भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. पुढं पन्नास वर्षं तिथं ना घोडा ना राजा, पण लोक आपले 'काळा घोडा' म्हणूनच पत्ता सांगत राहिले. २०१७ मध्ये तिथं नवा काळा घोडा आला. पाठीवर स्वार नसलेला. तो मला फार आवडतो. पण त्याच्याकडे बघताना मी जरा ओशाळतो. कारण माझ्या कचेरीत नेमकं उलटं होतं. घोडा नव्हता, स्वार मात्र मी होतो.

एका दुपारी एक धोतर-फेट्यातले म्हातारे दाखला मागायला आले. समोरची खुर्ची रिकामी होती. ते बसले नाहीत, मीही बसा म्हटलं नाही. माझा चहा व्हायचा होता. तेवढ्यात टाय लावलेले एक गृहस्थ "एक्स्क्यूज मी" म्हणत आले. मी ताडकन उठलो आणि स्वतःच्या रुमालानं ती खुर्ची पुसली.

म्हातारे म्हणाले, "चालू द्या साहेब, माझं काय, मी हुबा राहतो."

खोटं कशाला सांगू, ते 'साहेब' मला गोड लागलं. वास्तविक माझे वडीलही असाच फेटा बांधून कचेऱ्यांच्या दारात उभे राहत.

चहा, रेल्वे, क्रिकेट टाकून द्या असं म्हणणारा मी नव्हे. चहा टाकला तर हा लेखच पुरा व्हायचा नाही. माणसांत उभं राहणारे आणि बसणारे अशा दोन जाती पाडणं, हे टाकायचं होतं. त्याचंही खापर इंग्रजावर फोडता येतं, मीही पुष्कळ वर्षं फोडलं. आणि उच्चनीच तर आपल्याकडं तो येण्याआधीही भरपूर होतं. पण त्या दुपारी कचेरीत इंग्रज नव्हता. मी होतो.

हे सगळं नातीला सांगून टाकलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आजोबा, शेवटी त्यांना खुर्ची दिलीत का?"

या वेळी घास खरोखरच अडकला.