निवड आणि लायकी

फेब्रुवारी 2024 मध्ये लातुरात नमो महारोजगार मेळावा झाला. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रांमार्फत लातूर-नांदेडला लहानमोठे मेळावे भरतच असतात. पोर्टलवर नोंदणी करायची, बायोडाटाच्या प्रती काढायच्या, गुणपत्रकांची फाईल काखेत मारायची आणि रांगेत उभे राहायचे. टेबलापलीकडून येणारे प्रश्न ठरलेले: स्वतःबद्दल सांगा, एक्सेल येते का, चाकणला शिफ्टमध्ये काम कराल का. काही मिनिटांत बोलणे आटोपते आणि ‘कळवतो’ एवढा शब्द पदरात पडतो. पुढे फोन आला नाही, की गावात त्याचा एकच अर्थ लावला जातो: पोरात काही दम नाही. हळूहळू पोरालाही ते पटू लागते. हा अर्थ चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा हे सांगणारा विचार आपल्याच परंपरेत आहे. तयारी हे माणसाचे कर्तव्य. निवड हा अनेक कारणांचा मिळून होणारा परिणाम. या दोहोंची गल्लत झाली की तयारी बिघडते आणि माणूसही खचतो.

अशा वेळी वडीलधारी मंडळी गीतेच्या दुसऱ्या अध्यायाकडे बोट दाखवतात: कर्म कर, फळाची आशा धरू नको. बेकार तरुणाला हा उपदेश टोचतो, आणि त्याचे टोचणे रास्त आहे. घरी सोयाबीनच्या भावावर वर्ष काढणारे आईबाप असताना पगाराची आशा सोड असे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? त्याला जास्त उपयोगी पडेल तो अठरावा अध्याय. तिथे कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, चेष्टा आणि दैव. अधिष्ठानाचा अर्थ काही भाष्यकार शरीर असा करतात, काही आधार किंवा स्थान असा. इथे दुसरा अर्थ घेऊ. मेळाव्यापुरते बोलायचे तर खऱ्या रिकाम्या जागा हे अधिष्ठान, उमेदवार हा कर्ता, शिक्षण आणि कौशल्य ही करणे, प्रत्यक्ष प्रयत्न ही चेष्टा. आणि त्या दिवशी समोर कोण बसले, आधीच्या किती जणांत जागा भरल्या, हे दैव. पाच कारणे असताना सगळे स्वतःमुळेच घडले असे मानणाऱ्याला नीट दिसत नाही, असे गीता पुढे स्पष्ट सांगते. हे वचन आपण यशाने फुगलेल्यांना ऐकवतो. नाकारल्या गेलेल्यालाही ते तितकेच लागू आहे.

मग तयारी तरी कशाला करायची, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर त्याच यादीत आहे. दैवाचा क्रम पाचवा आहे. त्याच्याआधीची करणे आणि चेष्टा बऱ्याच अंशी आपल्या हातात असतात. कोणत्या कंपन्या येणार, त्यांना आयटीआय हवे की पदवी, हे आधी पाहून ठेवणे. आपण काय शिकलो ते दोन मिनिटांत सरळ सांगण्याचा सराव करणे. नेमणूक कंपनीची की कंत्राटदाराची, हातात किती पडणार, पीएफ कापला जातो का, राहण्याची सोय काय, हे न संकोचता विचारणे, ही सगळी चेष्टाच. विचारणे म्हणजे आगाऊपणा नव्हे. श्रम देणारा आणि दाम देणारा यांच्यातला हा व्यवहार आहे, तिथे याचकासारखे उभे राहण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप नीतीचा आहे. आत्मस्तुती हा दोष मानणाऱ्या संस्कारात वाढलेल्या मुलाने स्वतःचे गुण कसे सांगावेत? आणि बाकीचे वाढवून सांगत असतील तर त्याने का मागे राहावे? याचे उत्तर शेजारच्याच एका परंपरेत मिळते. लातूरच्या सीमेला लागून असलेल्या बसवकल्याणात बाराव्या शतकात बसवेश्वर आणि त्यांच्या सहवासातल्या शिवभक्त शरणांनी कायकाचा, म्हणजे प्रामाणिक श्रमालाच पूजा मानण्याचा विचार रुजवला. त्यांच्यातले आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणत. एकदा त्यांनी नेहमीपेक्षा जास्त आणले, तेव्हा पत्नी लक्कम्मा यांनी ते परत ठेवून यायला लावले, अशी कथा आहे. बायोडाटात न केलेला कोर्स लिहिणे म्हणजे असे जास्तीचे तांदूळ घरी आणणे. पण वेचलेले तांदूळ लपवून ठेवायलाही लक्कम्मांनी सांगितले नव्हते. बापाच्या शेतीचा हिशेब ठेवला असेल, दुकानात दोन वर्षे काम केले असेल, तर ते सांगणे ही बढाई नाही, ती खरी नोंद आहे. 1708 मध्ये गुरू गोबिंदसिंगजी ज्या नांदेडात निवर्तले, तिथल्या हुजूर साहिबमुळे परिचित झालेल्या शीख परंपरेतही किरत, म्हणजे प्रामाणिक कष्टाची कमाई, नामस्मरणाच्या बरोबरीने सांगितली आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप तिसरा: हे तत्त्वज्ञान राज्यकर्त्यांच्या सोयीचे नाही का? जागाच नसताना दैवाचे नाव सांगून पोरांना गप्प बसवले जाईल. ही भीती खरी आहे. दैवाचा असा वापर होत आला आहे. पण जागांचा अभाव दैवाच्या खात्यात टाकणे हीच मुळात चूक. ते अधिष्ठान आहे, आणि ते माणसांनी, सरकारने आणि उद्योगांनी उभारायचे असते. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने हे ओळखले. हाताला काम नसणे हा मजुराचा दोष मानला गेला नाही. रोजगार हमीची कामे निघाली आणि 1977 च्या कायद्याने काम मागण्याचा हक्क मान्य झाला. खडी फोडणाऱ्या मजुराबाबत जे मानले, ते आज पदवी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या त्याच्या नातवाबाबत नाकारता येणार नाही. पाच कारणांचा विचार जबाबदारी पुसून टाकत नाही. ज्याची त्याच्या पदरात घालतो.

म्हणून मेळाव्याला जाणाऱ्याने आपल्या वाट्याची तयारी पुरी करावी, खरे तेवढे सांगावे, विचारायचे ते विचारावे, आणि निवड झाली नाही तर काय कमी पडले ते शोधून पुढच्या वेळी भरून काढावे. आणि घरच्यांनी, गावानेही एवढे करावे: परतलेल्या पोराला ‘लागला का?’ असे विचारण्याआधी ‘तयारी कुठे कमी पडली, आम्ही काय करू?’ असे विचारावे. नोकरी देणे त्यांच्या हातात नाही. पोराचा मान राखणे आहे.