'क' ते 'क्ष'



देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवा, घराच्या दारांवर लिहा, असे मोशे सांगतो (अनुवाद ६). हे काम केवळ धर्मशिक्षकांचे नव्हे, आईबापांचे आहे.

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला मुलांसोबत अक्षरे काढा. 'क'वर झावळ्यांच्या रविवारी आणलेल्या झावळीचा क्रूस चिकटवा. 'ज'भोवती जपमाळेचे दहा लहान मणी, एक मोठा. मुलालाच मोजू द्या. वेडेवाकडे झाले तरी चालेल.

'क्ष'पाशी मात्र आपणच अडतो. 'क्ष' क्षमेचा. ते रंगवताना मूल विचारील, "पप्पा, आपण काकांकडे का जात नाही?" त्याला काय जमिनीचा वाद सांगणार? पुढच्या मिस्सेपूर्वी त्याचा हात धरून काकांकडे जा. 'क्ष'चे कार्ड त्यालाच देऊ द्या.